होल्ड, स्टॉप आणि माझी निरवानिरव

आज रविवार, दिनांक ९ मार्च २०२५, सकाळचे साडेनऊ. आत्ताच दाजींच्या डाव्या खांद्याला मलम चोळून झाले. कागदाला वास लागू नये म्हणून हात साबणाने धुतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून लिहायला बसलो आहे.

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत, काम उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणाऱ्या टोळीत. कामावर मला मास्तर म्हणतात, कारण फळ्यावर कोणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवले तर ते पुसून नीट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घरी ताई नुसतेच "अरे" म्हणते. मी पूर्ण शुद्धीत आहे, नशापाणी करत नाही, अंगात ताप नाही, आणि काल बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली. हे माझ्याकडून कोणी दमदाटीने लिहून घेत नाही. उलट ताई सकाळपासून म्हणते आहे, "अरे, हे अभद्र लिखाण बंद कर आणि भाजी निवडून दे." भाजी निवडून दिलेली आहे.

मी मरायला टेकलेलो नाही. हे पहिल्याच पानावर स्पष्ट करतो, नाहीतर काका वाटणीसाठी धावत येतील.

कारण एवढेच की उद्या सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा पाळण्यात चढणार आहे. आजवर पाळण्यात दाजी असायचे आणि वर गच्चीवर मी. दाजींचा खांदा भरून येईपर्यंत आमची अदलाबदल झाली आहे: ते वर, मी खाली लटकलेला. पाळण्यात चढणाऱ्याकडून कंपनी एक कागद भरून घेते. त्यावर "काही झाल्यास" असे छापून पुढे एकच ओळ सोडली होती. माझे एका ओळीत बसेना. तेव्हा मुकादम म्हणाले, "एवढं सांगायचंय तर घरी बसून मृत्युपत्रच लिही की." ते थट्टेने म्हणाले होते. मी मनावर घेतले.

दुसरेही एक काम आज संध्याकाळच्या आत उरकायचे आहे. थांबण्यासाठी आमच्या कामावर दोन इंग्रजी शब्द आहेत, होल्ड आणि स्टॉप. यापुढे त्यांतला एकच राहणार आहे, आणि तो कोणता हे ठरवायचे माझ्यावर सोपवले आहे. उद्या मी ज्या शब्दाच्या भरवशावर लटकणार, तो शब्द मलाच निवडायचा आहे. दोन्ही कामे मिळून एकच काम आहे असे मला वाटले, म्हणून एकाच कागदावर करतो.

कलम १. शब्दांचे अर्थ.

या कागदात "पाळणा" म्हणजे लोखंडी कठड्याचा लांबट पिंजरा, ज्यात दोन माणसे उभी राहून काचा धुतात. आपला बाप अजून पाळण्यात जातो याचे माझ्या चार वर्षांच्या भाचीला फार हसू येते. गच्चीवरून बाहेर काढलेल्या दोन लोखंडी हातांना तो दोन तारेच्या दोरांनी टांगलेला असतो. दोन्ही टोकांना एकेक मोटर, मध्ये बटणांची पेटी. बटण दाबून धरले की पाळणा चालतो, बोट उचलले की थांबतो. त्याच पेटीवर एक मोठे लाल बटण आहे. ते दाबले की सगळी वीजच तुटते.

"गच्चीवरचा" म्हणजे जो वर राहून दोर, लोखंडी हात आणि केबल यांवर नजर ठेवतो, मेन स्विच सांभाळतो आणि वॉकीटॉकीवर पाळण्याशी बोलतो. टोळीत चार भाषांची माणसे असल्यामुळे वॉकीटॉकीवरचे शब्द इंग्रजीतले ठरलेले आहेत.

"टॉवर" म्हणजे दाजींच्या जोडीला पाळण्यात असणारा गडी. टोळीत सर्वांत बुटका, म्हणून टॉवर.

"ताई" म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आई-वडिलांच्या मागे तिने मला वाढवले. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहायला बसलो तर ती मागे उभी राहून वाचेल, म्हणून आवरते घेतो.

कलम २. घर.

स्वतंत्र असे माझे घर नाही. वडील काचा बसवण्याचे काम करत. त्यांनी घेतलेल्या एका खोलीत अर्धा हिस्सा माझा, अर्धा ताईचा. माझा अर्धा मी ताईला देतो. खोलीत सध्या शिवणकाम करणारे नवरा-बायको भाड्याने राहतात. त्यांना उठवू नये. छताच्या कोपऱ्यात ओल येते, ती भाडे वाढवण्याआधी दुरुस्त करावी. खिडकीची काच वडिलांनी स्वतः बसवलेली आहे. बाकी काही बदलले तरी ती फुटेपर्यंत बदलू नये.

कलम ३. शिडी.

वडिलांची अॅल्युमिनियमची घडीची शिडी काकांनी छत रंगवायला म्हणून दोन दिवसांसाठी नेली. तेव्हा मी सातवीत होतो. छत रंगवून झाले, त्याच्यावर पुन्हा दुसरा रंगही चढला, शिडी काही आली नाही. एकदा मी मागायला गेलो तर काका म्हणाले, "अरे, तू अजून लहान आहेस, शिडीवरून पडशील." आता मी अशा उंचीवर काम करतो जिथे काकांच्या शिडीची सर्वांत वरची पायरीसुद्धा पोचणार नाही.

ती शिडी मी काकांना देतो. म्हणजे ती त्यांच्याकडे आहेच, पण आजपासून ती माझ्या खुशीने त्यांच्याकडे आहे. हे त्यांना चारचौघांत वाचून दाखवावे. वाचताना हसू नये.

कलम ४. बचत.

पासबुकात जे निघेल ते भाचीच्या शाळेसाठी. ते तिच्या लग्नासाठी बाजूला काढू नये. ती नववीत थांबू नये एवढीच माझी अट आहे. मी थांबलो, कारण वडील गेले आणि घरात कोणीतरी कमावते हवे होते. त्याबद्दल माझी कोणावर नाराजी नाही. चुटपुट एकाच गोष्टीची लागली. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या होत्या, "सारख्या अर्थाचे शब्द कसे निवडायचे ते आपण पुढच्या वर्षी बघू." माझे पुढचे वर्ष आलेच नाही. गेल्या पंधरवड्यात त्या बाईंची मला रोज आठवण झाली.

रद्दीवाल्याकडून घेतलेली डिक्शनरीही भाचीलाच. तिची सुरुवातीची पाने नाहीत, तेवढी कोणाकडून तरी उतरवून घ्यावीत.

कलम ५. हत्यारे.

माझा स्वतःचा कमरपट्टा. कंपनीच्या पट्ट्याचे बक्कल मला पटेना म्हणून मी पदरचे पैसे घालून घेतला. दाजींना द्यावा. ते म्हणतील, "मला माझा बरा आहे." ऐकू नये.

~~रबरी पातीचा मोठा वायपर टॉवरला.~~ ~~त्याचा त्याच्यावर फार दिवसांपासून डोळा आहे.~~ (हे वाक्य आणि ही देणगी दुपारी खोडली. कारण शेवटी लिहिले आहे.)

कलम ६. जे घडले ते.

हे कलम लिहिल्याशिवाय सातवे कोणाला कळणार नाही.

आमच्या नियमांच्या बोर्डावर थांबायचे दोन शब्द होते. होल्ड म्हणजे बटणावरचे बोट उचला आणि आहे तिथे उभे राहा. स्टॉप म्हणजे लाल बटण दाबा, वीज तोडा. दोन्हींनी पाळणा थांबतोच, म्हणून सगळ्यांना दोन्ही सारखेच वाटत. फरक होता तो पुढच्या कटकटीत. होल्डनंतर लगेच चालू करता येई. स्टॉपनंतर मुकादमांनी स्वतः येऊन, बघून, परवानगी दिल्याशिवाय पाळणा हलवायचा नाही असा नियम. मुकादमांकडे चार इमारती. ते येईपर्यंत दोघे तिथेच लोंबकळणार. त्यामुळे स्टॉप हा शब्द आम्ही ट्रंकेत ठेवलेल्या कोऱ्या कपड्यांसारखा जपून ठेवला होता. केबल अडकली, होल्ड. वारा सुटला, होल्ड. टॉवरला शिंक आली, होल्ड.

मंगळवार, २५ फेब्रुवारीला पाळणा खाली चालला होता. डावे टोक काचेखालच्या पुढे आलेल्या पट्टीवर टेकले. वरून मला डावा दोर सैल पडलेला दिसला.

"होल्ड," मी म्हणालो.

दाजींनी बोट उचलले. डावी मोटर थांबली. उजवी थांबली नाही. पेटीच्या आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे बोट उचलले गेले हे त्या मोटरला कळलेच नाही, असे मागाहून मेकॅनिकने दाखवले. उजवे टोक खाली जातच राहिले आणि पाळणा तिरका होऊ लागला.

"होल्ड! होल्ड!"

"होल्डच केलंय!" वॉकीटॉकीतून दाजींचा आवाज आला. "बोट वर आहे माझं! पुढे बोल!"

पुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हते. मी वॉकीटॉकी टाकली, धावलो आणि मेन स्विच खाली ओढला.

पाळणा थांबला. बादली घरंगळत जाऊन खाली पडली. खालची जागा आम्ही दोरी बांधून अडवलेली असते, तिथे कोणी नव्हते. टॉवर वरच्या टोकाला कठड्याला मिठी मारून होता. दाजी खालच्या टोकाला पट्ट्यावर तोलले गेले, त्यांचा खांदा हिसकला. त्याच वेळी उजव्या बाजूच्या जादा दोरावरची पकडही बसली होती, पाळणा फार तिरका झाला की आपोआप आवळते ती. आधी माझा स्विच की आधी ती पकड, हे मी मेकॅनिकला विचारले. तो म्हणाला, "मास्तर, दोघांनीही काम केलं. आता काय बक्षीस वाटायचंय का?"

मुकादम आले, वरून सांगत सांगत टॉवरकडून मोटरींचे ब्रेक हाताने ढिले करवले आणि दोघांना उतरवले. टॉवरचे जमिनीवरचे पहिले शब्द, "बादली गेली." दाजींचे, "घरी मी सांगतो. तू सांगायला लागलास तर तारखेपासून सुरुवात करशील आणि तोवर हिचा जीव जाईल."

ताईने सगळे ऐकून घेतले, आतल्या खोलीचे दार लावून घेतले, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "पानं घेतली आहेत. हात धुवा." त्या दिवसापासून दाजींचे घोरणे ऐकून मला कधी वैताग आला नाही. आधी मी भिंतीवर टकटक करायचो.

माझे काही चुकले नाही असे मुकादम, मेकॅनिक आणि दाजी तिघांनी सांगितले. होल्ड हा नियमाप्रमाणे बरोबरच शब्द होता. हे मला पटले आहे. पटायला वेळ लागला, पण पटले.

कलम ७. शब्द.

गेल्या रविवारी मुकादम सफरचंदे घेऊन दाजींना बघायला आले. चहा घेता घेता म्हणाले, "वरून सांगणं आलंय. एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला ठेवलेत, एक ठेवा, म्हणजे गोंधळ नको. नवीन बोर्ड छापायचाय. मास्तर, कुठला ठेवू?"

"मी सांगू?"

"मग काय मी? त्या दिवशी गच्चीवर तू होतास, आता पाळण्यात तूच चढणार. दोन्हीकडून बघणारा दुसरा कोण आहे? पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत सांग. आणि निबंध नको मला. एक शब्द हवाय."

तो आठवडा माझा कसा गेला ते मी इथे लिहीत नाही. ताईला माहीत आहे. मी ताटावर बसून "होल्ड" म्हणायचो आणि ती पोळी वाढायची थांबायची.

डिक्शनरीत स्टॉपपुढे "थांबणे, थांबवणे" दिले आहे आणि होल्डपुढे "धरून ठेवणे, रोखणे, थांबणे". पोट भरले नाही. टॉवरला विचारले. तो म्हणाला, "होल्ड. विचारतोस काय? स्टॉप म्हटलं की लाल बटण, लाल बटण म्हटलं की मुकादम, मुकादम म्हटलं की दुपारपर्यंत वाळत घातलेल्या कपड्यासारखं लटकायचं. होल्ड म्हण, श्वास घे, चल पुढे." दाजींना विचारले. ते म्हणाले, "कुठलाही ठेव. मोठ्याने म्हण म्हणजे झालं."

मला भीती अशी होती की नुसता होल्ड ठेवला आणि पुन्हा पेटी चिकटली, तर बोट उचलून काय उपयोग? आणि नुसता स्टॉप ठेवला, तर लटकायच्या कंटाळ्याने कोणी तो म्हणणारच नाही. दोन्हीकडून माझाच गळा. मी रात्री या कुशीवरून त्या कुशीवर करत होतो.

काल संध्याकाळी मी दाजींना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवले. त्यांच्या उजव्या हातात बॅटरी दिली, तिचे बटण दाबून धरले तरच ती पेटते अशी. मी दाराच्या आड उभा राहिलो. मी शब्द म्हणायचा, त्यांनी बटण सोडायचे, आणि कोणत्या शब्दाला उजेड आधी जातो ते बघायचे, असा माझा विचार. ताई भांडी पुसत होती. मी उलटसुलट क्रमाने शब्द म्हणत गेलो. होल्ड, उजेड गेला. स्टॉप, उजेड गेला. स्टॉप. होल्ड. स्टॉप. दर वेळी सारखाच झटपट.

"बघ," दाजी म्हणाले, "एकाच माळेचे मणी. उगीच आठवडाभर रक्त आटवलंस. चला, जेवू या."

"सारखे नाहीत," ताई म्हणाली.

"काय सारखं नाही? उजेड बरोबर जातोय की."

"उजेडाचं नाही बोलत मी. होल्ड म्हटलं की तुम्ही दाराकडे बघता. स्टॉप म्हटलं की हाताकडे बघता."

"हॅ! काहीतरीच तुझं."

"अरे, म्हण बघू पुन्हा."

मी दार थोडे किलकिले करून म्हटले, "होल्ड." दाजींनी बटण सोडले आणि मान वर करून माझ्याकडे बघितले. "स्टॉप." बटण सोडले, बॅटरी मांडीवर ठेवली, मान खालीच. पुन्हा केले. पुन्हा तसेच.

"मग बघणारच ना," दाजी जरा चिडूनच म्हणाले. "होल्ड म्हटल्यावर पुढे काय करायचं ते ऐकायला नको का?"

ते बोलले आणि आपले बोलणे आपणच ऐकून त्यांनी बॅटरी ओट्यावर ठेवून दिली. मी दार पूर्ण उघडले. पाळणा तिरका होत असताना ते तिथे वर मान करून उभे होते, माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत. बोट मोकळे होते, लाल बटण हातभर अंतरावर होते. शब्दाने त्यांना वाट बघायला सांगितले होते आणि ते बघत होते. मी मात्र तोवर स्विचकडे धावत सुटलो होतो.

ताईने ताटली जागेवर ठेवली आणि विचारले, "आणि त्या दुसऱ्या शब्दाला इतकं महाग कशाला करून ठेवलंय तुमच्या मुकादमांनी? म्हटला की दुपारपर्यंत शिक्षा. असं केल्यावर कोण म्हणेल?"

मग आम्ही जेवलो. मी नेहमीपेक्षा जास्त जेवलो असे ताई म्हणते.

तरी माझा निर्णय असा: स्टॉप ठेवावा. होल्ड काढून टाकावा. अडचण लहान असो, मोठी असो, शिंक असो, शब्द एकच, आणि तो ऐकला की बोट लाल बटणावर. होल्ड ऐकणारा पुढच्याची वाट बघतो. स्टॉपच्या पुढे काही यायचे नसते, तो तेवढ्यावर पुरा होतो. ज्याला वरून काही दिसते आहे आणि ज्याला खाली काहीच दिसत नाही, अशा दोघांमध्ये पुरा झालेला शब्द असावा.

हे लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, आणि दाजींना वाचून दाखवले. ते म्हणाले, "बरं वाटतंय का आता?" मी म्हणालो, हो. खरेच बरे वाटते आहे. उद्या वर दाजी असतील आणि खाली मी. त्यांच्या तोंडून हा शब्द आला तर मी मान वर करणार नाही.

कलम ८. अट.

सातवे कलम एकट्याने चालणार नाही. स्टॉपनंतर मुकादमांची वाट बघण्याचा नियम राहिला तर आठवड्याभरात लोक दुसरा एखादा शब्द शोधून काढतील, किंवा नुसते खोकून दाखवतील. म्हणून स्टॉपनंतर गच्चीवरच्याने दोर, हात आणि केबल बघावी, सगळे ठीक असेल तर त्यानेच चालू करायला सांगावे, आणि काही वावगे दिसले तरच मुकादमांना बोलवावे. हे मुकादमांना मान्य नसेल तर मी उद्या पाळण्यात चढणार नाही. हे वाक्य मी दोनदा वाचून बघितले, ते खोडत नाही.

कलम ९. इतर.

डोळे दान करावेत. ते चांगले आहेत, लांबचे स्वच्छ दिसते. फोटो लावायचा झाल्यास कंपनीच्या ओळखपत्रावरचा लावू नये, त्यात मी चोरासारखा दिसतो.

दुपारी चार वाजता, साक्षीदारांसमोर पुढे चालू.

साक्षीदार म्हणून मुकादम आणि टॉवर यांना चहाला बोलावले होते. ताई आणि दाजींना सही करता येत नाही, कारण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये, असे मी टायपिंगच्या दुकानात बसणाऱ्या वकिलांना विचारून आलो होतो. हे सांगितल्यावर टॉवरने चष्मा पुसून पाचवे कलम वाचले.

"म्हणजे सही केली की वायपर गेला?"

"हो."

"आणि नाही केली तर?"

"तर दुसरा साक्षीदार बघावा लागेल."

"तू मरायच्या आधीच मला लुबाडतोयस, मास्तर." तो थोडा वेळ वायपरकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "खोड. नाहीतरी तू मरेपर्यंत त्याचं रबर झिजेल." मी ते त्याच्यासमोर खोडले. वायपर आता दाजींचा.

मग मला शंका आली. स्टॉप हा शब्द टॉवरलाही उपयोगी पडणार, मग तीही देणगीच झाली की काय, आणि त्याची साक्ष बाद होईल की काय? मी ती बोलून दाखवली.

"शब्द काय डब्यात भरून नेणारे का मी?" टॉवर म्हणाला. यावर सर्वांचे एकमत झाले की शब्द माझ्या मालकीचा नाही, म्हणून तो देणगीत धरायचा नाही.

मुकादमांनी सातवे कलम वाचताना मान हलवली. आठवे वाचताना चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, मी एक शब्द मागितला होता. तू माझे नियम बदलायला निघालास?"

"एकच शब्द दिलाय," मी म्हणालो. "त्याच्यासोबत तेवढं यायलाच लागतं."

"रोज दहा वेळा लाल बटण दाबाल. झिजेल ते."

"बटण बदलता येतं, मुकादम," ताई आतून म्हणाली.

मुकादमांनी तिच्याकडे बघितले नाही. दाजींच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघितले. "आणि वर तपासणार कोण? जबाबदारी कोणाची?"

"माझी," दाजी म्हणाले. "उद्या वर मी असणार. इतकी वर्षं त्या दोरांना लटकलोय, सरळ कुठला आणि वाकडा कुठला हे मला वरूनही कळेल. नाही कळलं तर तुम्हाला फोन करीन. पण हा पोरगा खाली असताना तो शब्द म्हणायला मी आधी तुमचा चेहरा आठवणार नाही. ते मला जमायचं नाही, मुकादम."

टॉवरने तेवढ्यात दुसरे बिस्कीट घेतले. मुकादमांनी कागद पुन्हा पहिल्यापासून चाळला, शिडीच्या कलमावर त्यांना हसू आले, ते त्यांनी दाबले आणि हात पुढे केला.

"पेन दे इकडे."

वर लिहिलेले सर्व मी माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहिले आणि साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. ताईने ते बोटे मोडत ऐकले, दाजींनी डोळे मिटून. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे लग्न वगैरे झाल्यास नवीन करीन, तोवर हेच खरे मानावे.

ठिकाण: ताईचे स्वयंपाकघर, खिडकीकडची बाजू.
दिनांक: ९ मार्च २०२५, संध्याकाळचे पाच.

लिहून देणार: (सही) मास्तर

साक्षीदार पहिला: (सही) टॉवर. लिहिणाऱ्याने माझ्यादेखत सही केली, आणि मी त्याच्यादेखत. मला यातून काहीही मिळालेले नाही, हे पुन्हा एकदा नमूद करतो.

साक्षीदार दुसरा: (सही) मुकादम. वरीलप्रमाणेच. कलम सात आणि आठ वाचले. उद्यापासून शब्द एकच, स्टॉप. त्यानंतर गच्चीवरच्याने बघून चालू करावे, मला विचारत बसू नये. बोर्ड तसाच छापून घेतो. सकाळी सातला ये. हे कागद घरीच ठेव, पाळण्यात खिशात काही चालत नाही.